ओहोटीच्या वाळूवरची विमाने: जपानच्या पहिल्या खासगी उड्डाणशाळा आणि त्यांचे कारागीर

मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: जपानमध्ये १९१० नंतरच्या पंधरा वर्षांत निघालेल्या खासगी उड्डाणशाळांनी परदेशी विमाने विकत घेण्याऐवजी स्वतःच दुपंखी (एकावर एक दोन पंखांची) प्रशिक्षण विमाने का बांधली, ती बांधणारी माणसे कोण होती, आणि एखादा अपवाद वगळता त्यांच्यापैकी कोणाचाच मोठा कारखाना का उभा राहिला नाही? माझा व्यवसाय लाकूड, कापड आणि तारांनी बांधलेल्या जुन्या विमानांच्या व ग्लायडरांच्या डागडुजीचा आहे. त्यामुळे या इतिहासाकडे मी कामाच्या टेबलावरून पाहतो आणि उत्तरही तिथूनच देतो. या सगळ्या विमानांचा आकार, त्यांवर शिकवण्याची पद्धत आणि त्यांच्या बांधणाऱ्यांचे नशीब ही तिन्ही एकाच वस्तूने ठरवली, आणि ती वस्तू म्हणजे इंजिन. सांगाडा जपानी सुतार उत्तम बांधू शकत होता, पण इंजिन त्याला बांधता येत नव्हते. ज्याच्या हाती जसे इंजिन आले, तसे त्याचे विमान झाले आणि तशीच त्याची शाळा झाली.

सुरुवात नाराहारा सान्जी यांच्यापासून करावी लागते. हे सरदार घराण्यातले गृहस्थ नौदलात अभियंता होते आणि १९०९ साली स्थापन झालेल्या लष्करी बलून संशोधन मंडळाचे सदस्यही होते. त्यांचे पहिले विमान १९१० सालचे, बांबूच्या सांगाड्याचे. त्यासाठी त्यांना ५० अश्वशक्तीचे इंजिन हवे होते. हाती आले ते २५ अश्वशक्तीचे आन्झानी. विमान जमिनीवरून धड उचललेच नाही. पुढच्या वर्षी ५० अश्वशक्तीचे नोम इंजिन मिळाले आणि ५ मे १९११ रोजी तोकोरोझावाच्या मैदानावर त्यांचे दुसरे विमान सुमारे ४ मीटर उंचीवरून ६० मीटर अंतर उडाले. जपानमध्ये बांधलेल्या विमानाचे हे पहिले उड्डाण मानले जाते. माणूस तोच, हौस तीच, कारागिरी जवळपास तीच. दोन्ही विमानांत खरा फरक पडला तो इंजिनाच्या दुप्पट ताकदीचा.

तोकोरोझावा हे लष्कराचे मैदान होते आणि तिथे खासगी माणसाला मनासारखे उडता येत नव्हते. म्हणून नाराहारांनी १९१२ साली चिबा प्रांतातल्या इनागे गावाचा समुद्रकिनारा निवडला. तोक्यो उपसागराचा हा भाग अतिशय उथळ आहे. ओहोटी लागली की पाणी दूरवर मागे सरते आणि मागे राहते ती ओली, घट्ट दाबलेली वाळू, जिच्यावरून सायकलचे चाक सहज धावते. कोकणातल्या एखाद्या लांब पुळणीवर सुकतीच्या वेळी जो चालला असेल त्याला हा पृष्ठभाग नेमका कसा असतो हे सांगायला नको. मैदान विकत घ्यायला नको, सपाट करायला नको, झाडे तोडायला नकोत, आणि उतरताना चूक झालीच तर पुढे भिंत किंवा घर नाही. मात्र या मैदानाचे वेळापत्रक चंद्र ठरवत असे. शाळेचा तास भरतीप्रमाणे रोज पुढे सरके, उधाणाच्या दिवसांत धावपट्टी लांब होई आणि भांगाच्या दिवसांत आखूड. इनागेची ही वाळू जपानमधला पहिला खासगी विमानतळ ठरली.

नाराहारा स्वतः घरच्यांच्या आग्रहामुळे लवकरच या क्षेत्रातून बाजूला झाले, परंतु त्यांच्यामागे दोन माणसे राहिली. एक शिरातो एइनोसुके, उत्तरेकडच्या आओमोरी प्रांतातला, ज्याने नाराहारांच्या ‘ओतोरी’ या चौथ्या विमानातून गावोगावी तिकीट लावून उड्डाणे दाखवली. दुसरा इतो ओतोजिरो, १८९१ साली ओसाकात जन्मलेला. राइट बंधूंच्या उड्डाणाची चलचित्रे पाहून त्याने वैमानिक व्हायचे ठरवले, नाराहारांना पत्र लिहिले आणि तोक्योची वाट धरली. त्याचे प्रत्यक्ष शिक्षण शिरातोच्या हाताखाली इनागेच्याच वाळूवर झाले. या पहिल्या पिढीत सर्वांत महत्त्वाचा बांधणारा कोण, असे विचारले तर मी इतोचेच नाव घेईन. त्याची विमाने सर्वांत चांगली होती असे मी म्हणणार नाही. पण विमान बांधणे, दुरुस्त करणे आणि त्यावर शिकवणे ही तीन कामे त्याने एकाच छपराखाली इतकी वर्षे चालवली की त्याच्या शाळेतून निघालेली माणसेच पुढे जपानच्या नागरी विमानसेवेचा पाया झाली.

इतोने १९१५ च्या प्रारंभी इनागेला आपली शाळा काढली आणि त्याच वर्षी ‘एमी १’ हे विमान बांधले. ‘एमी’ हे नाव त्याच्या ओसाकातल्या जन्मगल्लीच्या, एबिसु-चोच्या नावातल्या अक्षरांवरून घेतलेले आहे. पंखा (प्रोपेलर) पुढे असलेले हे दुपंखी विमान होते आणि त्यावर ग्रेग्वार-जिप बनावटीचे ३५ अश्वशक्तीचे फ्रेंच इंजिन बसवलेले होते. ८ जानेवारी १९१६ रोजी इतो या विमानातून इनागेहून तोक्यो शहरावर उडाला आणि ५५ मिनिटे हवेत राहिला. आज हे अंतर लोकल गाडी तासाभरात कापते. पण ३५ अश्वशक्तीवर, कडाक्याच्या हिवाळ्यात आणि खाली बहुतांश पाणी असताना केलेले ते उड्डाण होते. या एका उड्डाणाने त्याच्या शाळेला विद्यार्थी मिळवून दिले.

आता ३५ अश्वशक्ती म्हणजे नेमके काय, हे आकड्यांत पाहणे आवश्यक आहे, कारण पुढचे सारे त्यावर अवलंबून आहे. या विमानाच्या मोजमापांचा आधार न घेता मी त्या काळच्या हलक्या दुपंखी विमानाला शोभतील असे आकडे गृहीत धरतो. वैमानिकासह वजन ४०० किलोच्या आसपास, म्हणजे सुमारे ४,००० न्यूटन धरा. तारांचे आणि खांबांचे जाळे उघडे असल्यामुळे उचल आणि हवेचा रोध यांचे गुणोत्तर साडेपाचच्या वर जाणार नाही, म्हणून रोध सुमारे ७२५ न्यूटन. वेग ताशी ६० किलोमीटर असेल तर केवळ सरळ उडत राहायला १२ किलोवॅट लागतात. हाताने तासलेला लाकडी पंखा इंजिनाच्या ताकदीतला जेमतेम ५५ टक्के भाग हवेला देतो. म्हणजे इंजिनाने २२ किलोवॅट द्यायला हवेत. ३५ अश्वशक्ती म्हणजे २६ किलोवॅट. उरलेल्या ४ किलोवॅटांतून पंख्याचे नुकसान वजा केले तर वर चढण्याचा वेग सेकंदाला अर्धा मीटर येतो. १०० मीटर उंची गाठायला तीन मिनिटांहून अधिक वेळ! आता याच विमानात ७० किलो वजनाचा दुसरा माणूस बसवून पाहा. वजन वाढले, ते तोलायला वेग वाढवावा लागला, रोध वाढला, आणि इंजिनाकडून लागणारी ताकद २८ किलोवॅटांवर गेली. ती इंजिनात नाही. विमान फार तर वाळूवरून धावेल आणि एखादी उडी मारेल.

शिक्षक आणि विद्यार्थी एकाच विमानात, दोघांच्या हाती सारखीच दांडी, ही प्रशिक्षणाची आज सर्वांना माहीत असलेली पद्धत इनागेच्या पहिल्या वर्षांत का नव्हती, याचे कारण या हिशेबात आहे. तिथे शिक्षक वाळूवर उभा असे. विद्यार्थी एकटा बसून आधी फक्त जमिनीवर विमान धावडवायला शिके. सरळ रेषेत धावणे हेच सुरुवातीला जमत नाही, कारण पंख्याच्या पिळामुळे विमान एका अंगाला ओढले जाते आणि पायांनी सुकाणू सावरत राहावे लागते. ते जमले की शेपटी उचलून धावणे, मग माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवरून सरळ उडी घेऊन पुढे उतरणे, मग त्याहून लांब उडी, आणि अगदी शेवटी वळण. किनारा लांबलचक असल्यामुळे सरळ उड्यांचा सराव भरपूर होई. वळण मात्र सर्वांत धोक्याचे होते. वळताना विमान कलते, कललेल्या पंखाला तेवढेच वजन तोलण्यासाठी जास्त उचल द्यावी लागते, आणि अर्धा मीटर चढण्याइतकीच शिल्लक ताकद असलेल्या विमानात ती जास्तीची उचल आणायची कुठून? नवशिक्याचा वेग पडे, आतला पंख खाली जाई आणि विमान वाळूत किंवा उथळ पाण्यात बसे. अशा पडण्यातून माणूस बहुधा वाचे, विमान मोडे.

मोडलेले विमान विद्यार्थीच दुरुस्त करीत. हा भाग मला फार जवळचा आहे. शाळेत येणारा मुलगा फी भरून उडायला आलेला असे, पण त्याचे अधिक तास कार्यशाळेतच जात: पंखाच्या वळ्या (आकार देणाऱ्या फासळ्या) तासणे, मोडलेल्या तुळईला (पंखाच्या लांब मुख्य दांड्याला) तिरकस जोड देणे, कापड ताणून शिवणे. जपानी सुतारकामातली तिरकस जोडांची परंपरा इथे थेट कामाला आली, आणि हिनोकी हे सरळ रेषांचे, हलके, सुगंधी लाकूड विमानाच्या तुळईसाठी उत्तम ठरले. माझ्या हातून गेलेल्या जुन्या लाकडी पंखांत मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली आहे: लाकूड क्वचितच दगा देते, जोड देतो. त्या काळी हाताशी असलेला प्राणिज सरस कोरड्या हवेत दगडासारखा घट्ट धरतो आणि ओलाव्यात मऊ पडतो. समुद्रकाठच्या छपरात रात्रभर उभ्या असलेल्या विमानात हा ओलावा कापडाखाली साठतो. वरून पंख ठणठणीत दिसतो, बोटाने दाबले तर कापड ढोलकीसारखे वाजते, आणि आत वळी तुळईपासून सुटलेली असते. एका जुन्या ग्लायडरचे कापड मी उसवले तेव्हा आतली एक वळी हाताच्या नुसत्या धक्क्याने निघून आली होती. बाहेरून एक सुरकुतीही नव्हती.

तारांचेही तसेच. दोन पंख एकावर एक ठेवून मध्ये खांब आणि कर्णरेषेत तारा लावल्या की ती एक पोकळ पेटी तयार होते, आणि त्या पेटीला जी मजबुती येते ती तेवढ्याच वजनाच्या एकेरी पंखाला त्या काळच्या बारीक जाडीच्या पंखछेदात येणे अशक्य होते. दुपंखी रचना सर्वांनी उचलली ती एवढ्यासाठी. पण या पेटीची सगळी मजबुती तारांच्या ताणात आहे. ताण प्रत्येक तारेत सारखा हवा, आणि तो पाहण्याची जुनी रीत म्हणजे टिचकी मारून तारेचा आवाज ऐकणे. डावीकडची आणि उजवीकडची तार एका सुरात वाजली नाही तर पंखाला पीळ आहे असे समजावे. इनागेला चाकांनी उडवलेले खारे पाणी याच तारांवर, त्यांच्या फासांवर आणि टर्नबकलांच्या, म्हणजे तार ताणणाऱ्या स्क्रूंच्या, आट्यांवर बसत होते. गोड्या पाण्याने रोज धुऊन, पुसून, ग्रीसचा हात फिरवला नाही तर फासाच्या आत, जिथे डोळा पोहोचत नाही तिथे, गंज धरतो. ज्या शाळेचा विद्यार्थी हे काम कंटाळा न करता करी, त्या शाळेची विमाने टिकत. खासगी शाळांनी विमाने स्वतः बांधण्यामागचे एक मोठे कारण इथेच आहे: ज्याने बांधले त्यालाच ते उघडून पाहता येते. परदेशातून आलेल्या विमानाचा सुटा भाग महिनोन्‌महिने बोटीत असे, आणि पहिल्या महायुद्धाच्या वर्षांत तर युरोपातून फारसे काही येईना.

इतोच्या शाळेचा इनागेतला मुक्काम एका रात्रीत संपला. ३० सप्टेंबर १९१७ च्या रात्री आलेल्या वादळाने तोक्यो उपसागरात पाणी चढले, या आपत्तीत एक हजाराहून अधिक माणसे दगावली, आणि इतोचे छप्पर व कार्यशाळा उद्ध्वस्त झाली. ओहोटीची जी वाळू फुकटची धावपट्टी होती तिनेच सर्व परत घेतले. १९१८ च्या वसंतात इतोने त्याच किनाऱ्यावर तोक्योच्या बाजूला असलेल्या त्सुदानुमा इथे नव्याने मांडणी केली. इथेही धावपट्टी ओहोटीचीच होती.

त्सुदानुमाच्या काळात इंजिने बदलली आणि त्यांच्याबरोबर विमानेही. विल्यम गोरहॅम हा अमेरिकन अभियंता १९१८ साली आपले विमान-इंजिन घेऊन जपानला आला होता. पुढे निस्सान मोटारींच्या उभारणीत त्याचा मोठा हात होता आणि १९४१ साली त्याने जपानचे नागरिकत्वही घेतले. त्याचे १२५ अश्वशक्तीचे इंजिन इतोच्या ‘एमी १४’ या विमानावर बसले. ३५ वरून १२५ हा फरक वरच्या हिशेबात घालून पाहिला की लक्षात येते, आता दुसरा माणूस, जास्त इंधन, जास्त उंची, सारेच शक्य झाले. इतोचा विद्यार्थी यामागाता तोयोतारो, हिरोशिमाकडचा मुलगा, १९१९ साली लूप (हवेत उभे वर्तुळ) करणारा पहिला जपानी खासगी वैमानिक म्हणून गाजला. १९२० च्या एप्रिलमध्ये त्याने एमी १४ मधून तोक्यो ते ओसाका आणि परत हा प्रवास मध्ये न उतरता केला. त्याच वर्षी २९ ऑगस्ट रोजी त्सुदानुमावर लूपचा सराव करताना त्याच्या विमानाचा पंख हवेत तुटला आणि तो गेला.

माझ्या मते इतोच्या साऱ्या कामात शिकण्यासारखी आणि जड जाणारी गोष्ट हीच आहे. इंजिन तिप्पट-चौपट ताकदीचे झाले, पण पंख बांधण्याची रीत ३५ अश्वशक्तीच्या दिवसांत तयार झालेली होती. सरळ उडताना पंखावर विमानाच्या वजनाइतका भार असतो. लूपच्या तळाशी तो तीन-चार पट होतो, आणि एकामागून एक लूप केले की तो भार त्याच जोडांवर, त्याच फासांवर पुन्हा पुन्हा येतो. ताण मोजण्याची यंत्रे नव्हती, वाळूची पोती पंखावर रचून तो मोडेपर्यंत पाहण्याइतका पैसा नव्हता. बांधणाऱ्याचा डोळा आणि हात हेच परिमाण होते, आणि कमकुवत इंजिनाबरोबर ते परिमाण बराच काळ पुरले होते.

हेच हानेदाच्या बाबतीतही झाले. तामाइ सेइतारो या योक्काइचीच्या तरुणाने आइबा तामोत्सुच्या साथीने १९१६ साली हानेदाला जपान उड्डाणशाळा काढली; आजचा तोक्योचा विमानतळ जिथे आहे त्याच परिसरात. शाळेकडे विमान नावापुरते एक होते. तिथे दाखल झालेल्या मुलांत एक होता त्सुबुराया एइजी, जो पुढे जपानी चित्रपटांतल्या स्पेशल इफेक्ट्सचा आद्य कलावंत म्हणून जगप्रसिद्ध झाला. २० मे १९१७ रोजी शिबाउरा इथे तामाइ एका वृत्तपत्राच्या छायाचित्रकाराला बरोबर घेऊन उडाला असता त्याच्या स्वतः बांधलेल्या विमानाचा पंख तुटला आणि दोघेही मेले. शाळा बंद पडली आणि त्सुबुरायाची वैमानिक होण्याची आशा तिथेच संपली.

इंजिनाचे कोडे मुळातून सोडवायला निघालेला माणूस म्हणजे किशी काझुता. हा तोक्योतला कान-नाक-घशाचा नामवंत डॉक्टर. त्याने फ्रेंच रेनॉ इंजिनाच्या धर्तीवर ७० अश्वशक्तीचे इंजिन जपानमध्येच तयार करवले आणि ते आपल्या ‘त्सुरुगी’ विमानांवर बसवले. आकाबाने इथे त्याने मैदान, कारखाना आणि शाळा असा पूर्ण संसार मांडला. दिशा अगदी बरोबर होती. मात्र इंजिन ओतायचे तर उत्तम पोलाद, अचूक यंत्रे आणि बिघडलेले शंभर भाग फेकून देण्याची ऐपत लागते, आणि ती एका डॉक्टरच्या मिळकतीत मावणारी नव्हती. काही वर्षांत सारा उद्योग कर्जात बुडाला. मला या माणसाबद्दल मनापासून आदर वाटतो, कारण इतरांनी जे बाहेरून येईल म्हणून वाट पाहिली ते त्याने घरी करून पाहिले. बाकीच्यांचा उल्लेख धावता करतो. तेन्र्यू नदीच्या मुखाजवळ फुकुनागा आसाओने आपल्या ‘तेन्र्यू’ मालिकेची विमाने बांधली आणि शाळा चालवली. तोक्योच्या सुसाकीला ओगुरी त्सुनेतारोने अमेरिकेहून शिकून येऊन शाळा काढली. त्याचे प्रशिक्षण विमान कर्टिस या अमेरिकन कंपनीच्या ‘जेनी’ विमानाच्या वळणाचे होते, आणि तिथून शिकून निघालेल्या आन चांग-नाम या तरुणाने १९२२ च्या डिसेंबरात आपल्या मातृभूमीवर, कोरियावर, उड्डाण करून तिथल्या लोकांना आपल्या माणसाने चालवलेले विमान दाखवले.

आता अपवादाविषयी. नाकाजिमा चिकुहेइ याने १९१७ साली नौदलातली अभियंत्याची नोकरी सोडली आणि गुन्मा प्रांतात, रेशमाचे किडे पाळण्याच्या एका जुन्या छपरात काम सुरू केले. पहिली विमाने एकामागून एक आपटली. १९१८ हे साल तांदळाच्या भाववाढीवरून दंगली झाल्याचे होते, आणि तिथल्या ओता गावाच्या लोकांनी एक गाणे रचले: नोटा उदंड झाल्या, तांदूळ वर गेला, सगळे वर गेले, वर जात नाही ते नाकाजिमाचे विमान. हे ऐकत त्याने काम चालू ठेवले. चौथ्या नमुन्याच्या विमानाने १९१९ साली तोक्यो–ओसाका टपाल-स्पर्धेत बाजी मारली आणि पाचव्या नमुन्याला लष्कर हे गिऱ्हाईक मिळाले. हा ‘पाचवा नमुना’ म्हणजे हॉल-स्कॉट इंजिनाचे दुपंखी प्रशिक्षण विमान. लष्कराने सुरुवातीला २० मागवली, आणि एकूण ११८ बांधली गेली. इतोच्या कार्यशाळेत एकेक विमान स्वतंत्र नावानिशी जन्माला येत होते, त्या काळात एकाच नकाशावर शंभरांहून अधिक विमाने बांधणे ही वेगळ्याच जातीची गोष्ट होती. गंमत अशी की हे विमान फारसे चांगले नव्हते. लष्कराने ते लवकरच सेवेतून काढले आणि त्यांतली बरीच खासगी वैमानिकांकडे व शाळांकडे आली.

नाकाजिमा टिकला आणि इतो तेवढा वाढला नाही, याचे कारण हुशारीतल्या फरकात शोधू नये. नाकाजिमाचा ग्राहक सरकार होते. इतोचा ग्राहक फी भरणारा विद्यार्थी. विद्यार्थ्याच्या फीमधून एक विमान दुरुस्त होते, दुसरे बांधून होत नाही. शिवाय १९२० च्या सुमारास परिस्थिती तीन बाजूंनी फिरली. कर्नल फोरच्या नेतृत्वाखाली १९१९ साली फ्रेंच लष्करी पथक आले आणि १९२१ साली सेम्पिलच्या नेतृत्वाखाली ब्रिटिश पथक नौदलाला शिकवायला आले. त्यांच्याबरोबर आलेली विमाने जपानी कारखान्यांत शेकड्यांनी बांधली जाऊ लागली: नाकाजिमाने ॲव्ह्रो ५०४ हे प्रशिक्षण विमान २५० च्या संख्येने बांधले, मित्सुबिशीने हॅन्रिओचे दुपंखी प्रशिक्षण विमान १४५ च्या संख्येने. सैन्याने ती वापरून झाल्यावर स्वस्तात बाहेर विकली. युद्धात कसोटीला उतरलेले, सुटे भाग मिळणारे, दुहेरी दांडीचे ॲव्ह्रो हाताशी असताना कोणती शाळा स्वतः हिनोकी तासत बसेल? दुसरे म्हणजे १९२१ च्या नियमांनी वैमानिकाला परवाना आणि विमानाला तपासणी लागू झाली. तिसरी आणि माझ्या दृष्टीने सर्वांत घाव घालणारी गोष्ट अशी की त्याच वर्षीपासून सरकारचा विमान विभाग निवडक तरुणांना सरकारी खर्चाने लष्कराकडे शिकायला पाठवू लागला. जे शिक्षण तोकोरोझावाला फुकट आणि उत्तम विमानांवर मिळते, त्यासाठी त्सुदानुमाला पैसे भरणारे विद्यार्थी कमी होणारच होते. शिरातोनेही याच सुमारास हे क्षेत्र सोडले.

तरीही त्सुदानुमाच्या वाळूतून निघालेली माणसे मोजून पाहावीत. एहिमे प्रांतातून आलेली ह्योदो तादाशी ही मुलगी इतोकडे शिकली आणि ३१ मार्च १९२२ रोजी तिला तिसऱ्या वर्गाचा वैमानिक परवाना मिळाला. परवाना मिळवणारी ती पहिली जपानी स्त्री. इनोउए चोइची हा इतोचा आणखी एक विद्यार्थी. त्याने १९२२ साली ओसाकाजवळच्या साकाइ इथे संस्था काढून साकाइ ते तोकुशिमा अशी समुद्रावरून जाणारी विमानसेवा सुरू केली, आणि ती जपानची पहिली नियमित विमानसेवा ठरली.

पहिले खासगी दुपंखी प्रशिक्षण विमान कोणते, या ओघाने येणाऱ्या उपप्रश्नाला मी एकच नाव देऊ इच्छित नाही. ‘एमी १’ हे इतोने स्वतः उडण्यासाठी बांधले. त्याच्या मागोमाग आलेली ‘एमी’ क्रमांकांची साधी, मोडायला आणि जोडायला सोपी विमाने खऱ्या अर्थाने शाळेसाठी होती. विमानाने नवशिक्याच्या चुका सोसाव्यात, सावकाश उतरावे, आणि मोडल्यावर आठवड्याभरात पुन्हा उभे राहावे, हे तीन गुण ज्यात आहेत ते प्रशिक्षण विमान, अशी माझी कसोटी आहे, आणि त्या कसोटीला ही साधी विमाने उतरतात. त्यांच्या तुलनेत नाकाजिमाचा पाचवा नमुना कारखान्याच्या दृष्टीने मोठा, पण शिकणाऱ्याच्या दृष्टीने कमी प्रेमळ होता.

इतो पुढे ग्लायडरही बांधू लागला आणि दुसऱ्या महायुद्धापर्यंत त्याचे काम चालू राहिले. १९४५ नंतर जपानमध्ये विमान बांधायला आणि उडवायला बंदी आली. साठीकडे झुकलेला इतो नारिताजवळच्या तोहो इथे जंगल साफ करून शेती करू लागला. यामागातासारख्या आपल्या गेलेल्या माणसांसाठी त्याने त्सुदानुमाला एक छोटे देऊळ बांधले होते. ते त्याने १९५३ साली तोहोच्या वस्तीत आणून बसवले. १९६० च्या दशकात याच जमिनीवर नारिताचा आंतरराष्ट्रीय विमानतळ होणार असे ठरले आणि शेतकऱ्यांनी तीव्र विरोध केला. तेव्हा जमीन देण्याच्या करारावर सही करणाऱ्या अगदी पहिल्या माणसांत इतो होता. तो १९७१ साली वारला. तोहोचे देऊळ मात्र हललेले नाही. आजही ते नारिताच्या दुसऱ्या धावपट्टीच्या टोकाशी, कुंपणाने वेढलेल्या अरुंद वाटेच्या शेवटी उभे आहे आणि उतरणारी विमाने त्याच्या छपरावरून फार थोड्या उंचीवरून जातात.